न उघडलेलं खातं

"तुमचं खातं आहे की आमच्याकडे," मॅनेजरबाई म्हणाल्या. "नऊ महिने झाले उघडून."

समोर बसलेल्या मुलीने हातातला अर्ज टेबलावर ठेवला. नवीन खातं उघडण्याचाच अर्ज होता तो. या देशात येऊन तिला जेमतेम अकरा दिवस झाले होते.

"माझं नाही," ती म्हणाली.

मॅनेजरबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. नाव तिचं. जन्मतारीख तिची. पासपोर्टचा नंबरही तिचाच. खाली लाल अक्षरांत एक ओळ होती: संशयास्पद व्यवहार, खातं गोठवलं आहे.

या मुलीला घरात छोटी म्हणतात. उंची पावणेसहा फूट, पण घरात एकदा पडलेलं नाव कुणाच्या बापाला पुसता येत नाही. काम कवळ्या आणि दातांच्या टोप्या घडवायचं. इथल्या एका डेंटल लॅबने तिला नोकरी दिली होती. अट एकच. पगार इथल्याच बँकेत जमा होईल आणि खात्याचा नंबर आज संध्याकाळी पाचपर्यंत हवा. नंबर नाही तर नोकरी नाही. नोकरी नाही तर राहायचा परवाना नाही, आणि मग परतीचं विमान. परवाना हातात पडेपर्यंत ती कागदोपत्री अनिवासी होती, आणि अनिवासी माणसाला खातं द्यायचं तर बँकेला नोकरीचं पत्र लागतं. ते पत्र तिने आणलं होतं. घड्याळात साडेदहा वाजले होते.

शेजारच्या टेबलावरून खातेअधिकारी उठून आला. पन्नाशीचा, मऊ आवाजाचा माणूस. येताना छोटीसाठी पाण्याचा ग्लास घेऊन आला. असं होतं, म्हणाला. माणसं प्रवासात असतात, चार ठिकाणी सह्या करतात, विसरतात. त्याने एक कागद पुढे सरकवला. हे खातं मी उघडलं होतं, अजाणतेपणी नियम मोडला, बँकेने ते बंद करावं, एवढाच मजकूर. सही झाली की जुनं प्रकरण मिटलं.

"दुपारच्या आत नवीन नंबर तुमच्या हातात," तो म्हणाला. "मी स्वतः करून देतो, मॅडम."

मॅनेजरबाईंना मऊ बोलायची सवय नव्हती. सही करा, नाहीतर पोलिसांना कळवते, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग नाव सगळ्या बँकांच्या यादीत जाईल आणि दुसरी कुठलीही बँक दारात उभं करणार नाही.

सही केली असती तर तिला कुणी नावं ठेवली नसती. अडला हरी म्हणजे काय ते तिच्याइतकं त्या घटकेला कुणाला ठाऊक होतं? छोटीने कागद दोनदा वाचला आणि परत सरकवला.

"जे मी उघडलं नाही ते उघडलं असं मी लिहून देणार नाही," ती म्हणाली. "पोलिसांना खुशाल बोलवा. मलाही त्यांच्याशी बोलायचंच आहे."

मग तिने आत्याला फोन लावला.

बँकेतून बाहेर पडून रस्ता ओलांडला की आत्याचं फोटोचं दुकान. एकतीस वर्षं ती पासपोर्टचे आणि फॉर्मांचे फोटो काढते. हनुवटी वर, कान दिसू द्या, हसू नका, या तीन वाक्यांवर अख्खा संसार केला, असं ती सांगते. दुकानाला कुलूप घालून ती तीन मिनिटांत बँकेत आली. गळ्यात चष्मा, एप्रनच्या खिशात भिंग, आणि चेहऱ्यावर भाची अकरा दिवसांपूर्वीच आली तर एवढ्यात काय उद्योग केला, असा भाव. छोटीने सगळं सांगितल्यावर तो भाव मॅनेजरबाईंकडे वळला.

"खातं तिचं आहे म्हणता ना, बाई?" आत्या म्हणाली. "मग तिच्या खात्याचा फॉर्म तिला बघू द्या. आणि तिचं नसेल, तर तिची सही कशाला मागता?"

मॅनेजरबाई नियमाच्या बाहेर पाऊल टाकणाऱ्या नव्हत्या, आणि याला नियमात उत्तर नव्हतं. त्यांनी फाइल मागवली.

फॉर्म रहिवाशांचा होता. पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका गाळ्याचा. वर उजव्या कोपऱ्यात छोटीचा फोटो, त्यावर आडवी सही, अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर. तसा बँकेचा नियमच आहे. तळाशी आणखी एक सही. शेजारी खातेअधिकाऱ्याच्या अक्षरात शेरा: अर्जदार समक्ष हजर, मूळ पासपोर्ट पाहिला.

"या सह्या तुमच्या?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

छोटीने वाकून पाहिलं. "खालची नाही. फोटोवरची माझी आहे."

आत्याने डोळे मिटून घेतले. खरं बोलायची खोड घराण्यातच होती, दोष कुणाला देणार?

"आम्ही फोटोवरचीच सही नमुना म्हणून धरतो," मॅनेजरबाई म्हणाल्या. "म्हणजे विषय संपला."

"फॉर्मवरच्या या तारखेला तू इथे बँकेत होतीस?" आत्याने भाचीला विचारलं.

"होते. मुलाखतीसाठी पाच दिवस आले होते ना, तेव्हा. अनिवासी खात्याचा अर्ज दिला होता. तूच फोटो चिकटवून दिलास."

"मग?"

"नोकरीचं पत्र नव्हतं म्हणून नामंजूर झाला. बाहेर फाटकाशी बसणाऱ्या फॉर्मवाल्या काकांनी फोनवर कळवलं. मी तोवर परत मायदेशी पोचले होते."

नामंजूर अर्जाची बँकेत नोंद राहत नाही, कागद परत दिले जातात, असं मॅनेजरबाईंनी सांगितलं. कॅमेऱ्याचं चित्रण तीन महिन्यांनी पुसलं जातं. थोडक्यात, त्या दिवशी छोटी बँकेत आली होती एवढं नक्की, आणि तेच तिच्या मुळावर आलं होतं.

आत्याने भिंग काढलं. फोटो तिच्याच हातचा होता. खालचा एक कोपरा किंचित सुटलेला होता आणि त्याची मागची बाजू खरवडल्यासारखी दिसत होती. सहीचं लांब शेपूट फोटोवरून कागदावर उतरलं होतं, नितळ, कुठेही न अडखळता. आत्या त्या रेषेकडे बराच वेळ पाहत राहिली.

"साहेब, ही सही तुमच्यासमोर झाली?" तिने खातेअधिकाऱ्याला विचारलं.

"याच खुर्चीत बसून केली," तो म्हणाला. "माझा शेरा आहेच की खाली."

"फोटो आधी चिकटवला, मग सही?"

"अर्थात. नियमच आहे तसा."

आत्या फक्त "हं" म्हणाली. चार वाजेपर्यंत थांबा, पोलिसांना मग कळवा, अशी तिने मॅनेजरबाईंना गळ घातली. त्यांनी घड्याळ पाहिलं, छोटीकडे पाहिलं आणि तीन वाजेपर्यंतची मुदत दिली.

दुकानात येऊन आत्याने खण उघडला. प्रत्येक गिऱ्हाइकाचं पाकीट तिच्याकडे वर्षभर असतं, कारण लोक फोटो हरवतात आणि परत येतात. छोटीच्या पाकिटात पांढऱ्या पार्श्वभूमीचे तीन फोटो होते.

"चार काढले होते," आत्या म्हणाली. "परवान्याच्या फॉर्मला करडी पार्श्वभूमी लागते, ते निराळे. पांढरे फक्त बँकेसाठी. एक मी माझ्या हाताने तुझ्या अर्जावर चिकटवला. तीन इथे आहेत."

"म्हणजे बाहेर एकच गेला."

"एकच. तो नामंजूर झालेल्या अर्जावर असायला हवा. मग मंजूर झालेल्या फॉर्मवर तो कसा आला?"

छोटी म्हणाली, "तो अर्ज परत कुणाकडे आला?"

बँकेच्या फाटकाशी घडीचं टेबल टाकून फॉर्मवाला बसतो. ज्यांना फॉर्म कळत नाहीत त्यांचे तो भरून देतो, आणि परदेशातून आलेल्यांना एकही फॉर्म कळत नाही. रोज सायंकाळी बँकेच्या परतीच्या ट्रेमधून आपल्या गिऱ्हाइकांचे कागद तोच उचलतो. नऊ महिन्यांपूर्वीचा अर्ज कुठे आहे, असं विचारल्याबरोबर त्याने टेबलावरचे कागद आवरायला घेतले.

"कुठला अर्ज? मी काही ठेवत नाही."

"काका, तुम्ही बसची तिकिटंसुद्धा टाकत नाही," आत्या म्हणाली.

"गिऱ्हाइकाचे कागद ठेवणं नियमात बसत नाही. लायसन जाईल माझं."

"माझी नोकरी जातेय, काका," छोटी म्हणाली. "आज पाच वाजता."

त्याने खाली पाहिलं. संशय घ्यायला याच्याइतका सोयीचा माणूस नव्हता. फोटो, पासपोर्टची झेरॉक्स, सही, सगळंच त्याच्या हातातून जात होतं. आत्या त्याच्याकडे टक लावून उभी राहिली. तिचा फोटो काढायचा चेहरा भल्याभल्यांना सरळ बसवतो. अखेर त्याने टेबलाखालून बुटांचं एक खोकं ओढलं, मग दुसरं. दुसऱ्यात तो अर्ज सापडला.

फोटोची चौकट रिकामी होती. आत वाळलेल्या गोंदाचे पिवळे ठिपके. चौकटीच्या उजवीकडे शाईचा एक बारीक थेंब आणि त्यापासून निघालेलं सहीचं शेपूट. अर्जावर तिरका निळा शिक्का मारलेला होता, चौकटीच्या आतून सुरू होऊन बाहेर गेलेला: नामंजूर, तारीख, आणि खाली खातेअधिकाऱ्याची आद्याक्षरं. शिक्का स्पष्ट उमटला होता, एकही अक्षर तुटलेलं नव्हतं.

"फोटो कुठे गेला?" आत्याने विचारलं.

"मिळाला तेव्हाच नव्हता. मला वाटलं, तुमचा गोंद कच्चा."

"माझा गोंद?" आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो अर्धा हात मागे सरकला. "हा कागद तुम्ही असाच ट्रेमधून उचललात? शपथेवर सांगाल?"

"पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे, खोटं कशाला सांगू? आणि असे कोरे चौकोन माझ्याकडे आणखी आहेत. मी म्हटलं, बँक ठेवून घेत असेल फोटो."

"किती?"

त्याने खोकं चाळलं. आणखी चार निघाले. चारही अर्ज अनिवासी माणसांचे, चारही नामंजूर.

आत्याने पाचही अर्ज छातीशी धरले आणि फॉर्मवाल्याला चला म्हणाली. त्याने लायसनचं नाव पुन्हा काढलं. छोटीने त्याचं टेबल घडी करून काखेत मारलं आणि चालू लागली, तेव्हा त्याला मागोमाग यावंच लागलं.

मॅनेजरबाईंच्या खोलीत पावणेतीनला पाच माणसं होती. आत्याने अर्ज मांडीवर उपडे ठेवले होते. तिने आधी खातेअधिकाऱ्याला प्रश्न विचारले.

"साहेब, या मुलीचा अनिवासी खात्याचा अर्ज तुम्हाला आठवतो?"

"अंधूक. पत्र नव्हतं म्हणून परत केला. मग तिने रहिवाशांचा भरला."

"परत केलात तेव्हा त्यावर फोटो होता?"

"होता की. बिनफोटोचा अर्ज आम्ही हातात घेत नाही."

"शिक्का मारलात तेव्हाही होता?"

"हो. शिक्का मारला, ट्रेमध्ये ठेवला. मधे दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही." त्याने फॉर्मवाल्याकडे पाहिलं. "बाहेर गेल्यावर कुणी काढला ते मी कसं सांगणार? कागद यांच्याकडेच जातात."

छोटीने फॉर्मवाल्याच्या पाठीवर हात ठेवला.

"झालं माझं," आत्या म्हणाली. "आता बाई, तुम्ही बघा."

तिने नामंजूर अर्ज सुलटा करून टेबलावर ठेवला, शेजारी खात्याचा फॉर्म, आणि मॅनेजरबाईंच्या हातात भिंग दिलं.

"पहिली गोष्ट. पांढरे फोटो मी चार काढले, तीन माझ्या खणात आहेत. हवं तर येऊन मोजा. म्हणजे तुमच्या फॉर्मवरचा फोटो या अर्जावरून काढलेला आहे. त्याचा कोपरा बघा, मागून खरवडलाय. माझा गोंद सहज सुटत नाही."

फॉर्मवाला खाकरला.

"दुसरी गोष्ट सही. फोटोला जाडी असते. फोटोवरून कागदावर येताना पेन कडेला उडी मारतं आणि जिथे पडतं तिथे थेंब सोडतं. एकतीस वर्षं लोक माझ्या काउंटरवर फॉर्म भरतात, मी हजार वेळा पाहिलंय. या नामंजूर अर्जावर तो थेंब आहे. तुमच्या फॉर्मवर रेषा नितळ उतरलीय, उडी नाही आणि थेंबही नाही. म्हणजे फोटोवरचा भाग तिचा, आणि कागदावरचं शेपूट दुसऱ्या कुणीतरी सावकाश जोडलेलं. तिने खरं तेच सांगितलं. फोटोवरची सही तिची आहे, फक्त ती या फॉर्मवर केलेली नाही. आणि साहेब म्हणतात, माझ्यासमोर याच खुर्चीत केली."

मॅनेजरबाईंनी भिंग एका कागदावरून दुसऱ्यावर नेलं. मग पुन्हा पहिल्यावर आणलं.

"फोटो बाहेर गेल्यावरही काढता येतो," खातेअधिकारी म्हणाला. आवाज अजून मऊच होता. "या माणसाने काढला असेल."

"असं कुणीही म्हणेल, म्हणून शिक्का बघायचा," आत्या म्हणाली. "शिक्का चौकटीच्या आत सुरू होतो आणि बाहेर जातो. फोटो जागेवर असता तर आतली अक्षरं फोटोवर उमटली असती आणि फोटोबरोबर गेली असती. इथे सगळी अक्षरं कागदावर आहेत. वाळलेल्या गोंदाच्या ठिपक्यांवरसुद्धा निळी शाई आहे. म्हणजे आधी फोटो निघाला, मग शिक्का बसला. शिक्का बँकेत बसतो, साहेबांच्या आद्याक्षरांनी, आणि मधे दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. हे आत्ताच त्यांनी सांगितलं."

बाहेर काउंटरवर टोकन नंबर पुकारला जात होता.

"पण नामंजूर तरी कशाला केला?" मॅनेजरबाईंनी हळू आवाजात विचारलं. "सरळ फाडून टाकायचा."

"कागद परत आला नसता तर या काकांनी बँक डोक्यावर घेतली असती. परत आला की सगळे गप्प. नामंजूर अर्ज कुणी बघत नाही, लोक फाडून टाकतात. साहेबांना एवढंच ठाऊक नव्हतं की हा माणूस काहीच टाकत नाही." आत्याने उरलेले चार अर्ज पुढे ठेवले. "रिकाम्या चौकटी आणखी चार आहेत. सगळे शिक्के चौकटीच्या आतून आलेत. त्या चौघांच्या नावाने इथे खाती निघतात का बघा."

मॅनेजरबाईंनी नावं टाकली. चारही निघाली. चारही रहिवासी, पत्ता त्याच गाळ्याचा.

खातेअधिकारी खाली बसला. कुणाचं काहीच गेलं नव्हतं, असं तो म्हणाला. ही खाती नुसती वाट होती, दुसऱ्यांचे पैसे येऊन पुढे जायचे. या माणसांच्या खिशाला कधी हात लावला नाही.

"म्हणूनच आम्हाला निवडलंत," छोटी म्हणाली. "आम्ही परत जाणारी माणसं. आमची भाषा तोडकी, आमच्याकडे वकील नाही, आम्ही तक्रार करायला परत येणार नाही. मी आले. मग तुम्ही पाण्याचा ग्लास आणलात आणि माझ्याच हाताने चोरी माझ्या नावावर लिहून घ्यायला निघालात. ती एक सही मी केली असती तर तुमचा शेरा खरा ठरला असता."

मॅनेजरबाईंनी त्याच्याकडून कपाटाच्या किल्ल्या मागून घेतल्या, दार लावलं आणि पोलिसांना फोन केला, सकाळी म्हणाल्या होत्या तसाच. फक्त नाव वेगळं सांगितलं.

फोन ठेवल्यावर त्या छोटीकडे वळल्या आणि पहिल्यांदाच अडखळल्या. झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी आहे, म्हणाल्या. नवीन खातं आत्ता, याच टेबलावर उघडून देते. फक्त हे प्रकरण बँकेच्या आत राहिलं तर सगळ्यांच्याच सोयीचं होईल.

सव्वातीन वाजले होते. आत्याने भाचीकडे पाहिलं. घे आणि मोकळी हो, असं तिच्या ओठांवर आलं होतं, हे तिने नंतर स्वतःच कबूल केलं.

"मला पत्र हवंय," छोटी म्हणाली. "ते खातं माझं कधीच नव्हतं, ते बँकेच्या माणसाने उघडलं, आणि माझं नाव सगळ्या याद्यांतून काढलं आहे. सही-शिक्क्यानिशी. या चौघांनाही तसंच पत्र जायला हवं."

"मुख्य कार्यालयाला विचारावं लागेल. आठवडा लागेल."

"पोलिसांकडे पाठवायची धमकी द्यायला विचारावं लागलं नव्हतं."

मॅनेजरबाई कडक होत्या, पण कडकपणा आणि खोटेपणा यांतला फरक त्यांना कळत होता. त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. पत्र त्यांनी स्वतः टाइप केलं, दोन प्रती काढल्या आणि चार वाजायला पाच मिनिटं असताना सही केली. चौघांची पत्रं उद्या जातील, हेही त्यांनी लिहूनच दिलं. मग नवीन खात्याचा फॉर्म पुढे केला.

"नको," छोटी म्हणाली. "इथे नको."

फॉर्मवाल्याचं टेबल त्याच्या हवाली करून दोघी पुढच्या चौकातल्या दुसऱ्या बँकेत गेल्या. आत्या वाटभर पुटपुटत होती की ताठा असावा, पण घड्याळ बघून असावा. छोटीने चालता चालता लॅबच्या मालकिणीला फोन करून जे झालं ते सगळं सांगून टाकलं. मग मालकीणबाई म्हणाल्या की पाच म्हणजे पाच, पण साडेपाचपर्यंत त्या ऑफिसातच असतात.

दुसऱ्या बँकेत काउंटरवर चष्मा लावलेली एक मुलगी होती. कागद पुरे असतील तर नंबर अर्ध्या तासात मिळेल, म्हणाली. पासपोर्ट पाहिला, नोकरीचं पत्र पाहिलं आणि फॉर्मवरचे प्रश्न एकेक करून विचारू लागली. नाव, जन्मतारीख, राहण्याचा पत्ता.

"या देशात तुमचं याआधी कधी खातं होतं?"

आत्याने छोटीच्या पर्समधल्या, पहिल्या बँकेच्या पत्राकडे हात नेला. छोटीने तो हात धरला आणि पर्सवरून बाजूला केला.

"नाही," ती म्हणाली.

मुलीने नाहीच्या चौकोनात खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.